दसरू, बाजूला हो

दसरू,

तुझ्या शोकसभेच्या फ्लेक्सवर तू हवेत आहेस. उजवा पाय डोक्याच्या उंचीला, अंगात निळी झगमगती जर्सी, खाली आपल्या जिल्ह्यात कधी उगवलं नाही असं हिरवं गवत. कुठल्याशा परदेशी फॉरवर्डचं धड घेऊन फ्लेक्सवाल्याने त्यावर तुझं डोकं बसवलं आहे. डोकं आधार कार्डावरचं. त्यामुळे एवढी जबर उडी मारलेला माणूस बॉलकडे न बघता, खिडकीतल्या कारकुनाकडे बघावं तसा बघतो आहे. मी इतके हंगाम तुझ्या मागे उभा राहिलो. तुझे दोन्ही पाय एकाच वेळी जमीन सोडताना मला एकदाही दिसले नाहीत. तू डावखुरा होतास, ते तर सोडूनच देऊ.

खाली मोठ्या अक्षरांत 'गोलांचा बादशहा' असं लिहिलं आहे. साऱ्या कारकिर्दीत तू एकच गोल केलास, आणि तो माझ्यावर. मैदानात चिखल होता, तू बॉल मागे माझ्याकडे द्यायला गेलास, मी नको तितका पुढे आलो होतो, आणि बॉल माझ्या बाजूने आरामात घरंगळत आपल्याच गोलात गेला. तू वळलास आणि शांतपणे विचारलंस, "बाबू, तू तिथी काऊन नव्हता?" म्हणजे चूक माझीच ठरली. त्या गोलावर फ्लेक्सवाल्याने बादशाही दिली असेल तर माझं काही म्हणणं नाही.

मी चिडून लिहितो आहे हे तुझ्या लक्षात आलं असेल. रडायला हवं, हे मलाही समजतं. पण रडायला माणसाला थोडी मोकळी जागा लागते, आणि तू गेल्यापासून ती जागा इतर लोकांनी खुर्च्या टाकून अडवली आहे.

शोकसभा कॉलनीच्या मैदानावरच झाली. क्रीडा समितीचे अध्यक्ष येईपर्यंत माइकवाला 'हॅलो, हॅलो' म्हणत एकटाच तुला श्रद्धांजली वाहत होता. अध्यक्ष मैदानावर झेंड्याच्या दिवशी येतात, नाहीतर कोणी मेल्यावर. त्यांनी तुला 'आपल्या आक्रमणाचा कणा' म्हटलं. मी शेजारी बसलेल्या, आपल्या खाणीतल्या वेल्डरकडे बघितलं, त्याने जमिनीकडे. मग कोणीतरी सवयीने फुलाबाईंना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. नवरा गेलेल्या बाईचा सत्कार झाला. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. स्टेज दिसलं की या मंडळींचे हात आपोआप शालीकडे जातात. फुलाबाई नारळ धरून उभ्या राहिल्या, तो कुठे ठेवायचा हे कोणीतरी सांगेल अशी वाट बघत.

मग घोषणा झाली. मैदानाला तुझं नाव. इथवर ठीक. दरवर्षी तुझ्या नावाचा चषक. तेही ठीक. स्पर्धा टेनिस बॉल क्रिकेटची.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण अध्यक्षांनी खुलासाही केला की फुटबॉलला आता प्रेक्षक राहिले नाहीत. आणि पाहुण्यांना बसायला पक्कं स्टेज हवं, सीमारेषेलाही अडचण नको, म्हणून कॉलनीच्या बाजूचा लोखंडी गोल काढून तिथे स्टेज बांधायचं. खोदायचं मशीन येत्या आठवड्यात येणार. टाळ्या पडल्या. मी बोलायला हात वर केला होता, पण आभार मानणाऱ्याला तो दिसला नाही.

तो गोल काढणार, दसरू. तुझ्या नावाने.

तुला सांगायला नको, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगतो. जमिनीखालची खाण बंद झाली तेव्हा पाणी उपसायच्या पंपाचे पाइप भंगारात पडले होते. तू, मी आणि वेल्डरने त्यातले तीन उचलून मैदानात गाडले. कोणी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. आडवा पाइप मधोमध वाकलेला आहे, कारण तो मुळातच तसा होता. त्याआधी आपण बांबू लावायचो, आणि दर उन्हाळ्यात ते बांबू कोणाच्या ना कोणाच्या लग्नाच्या मांडवाला जायचे. पाइप कोणी नेले नाहीत. खुल्या खाणीच्या मातीचे डोंगर सरकत सरकत मैदानाच्या कुंपणापर्यंत आले, क्लब बंद झाला, संघ मोडला, मैदानाच्या पलीकडच्या टोकाचा गोल तर आता दोन विटांचा असतो. पण हा उभा आहे. संध्याकाळी कॉलनीतली पोरं-पोरी इथेच खेळतात. खांब गेले की ती घरी जातील आणि मोबाइल बघतील, एवढा साधा हिशेब आहे.

आपण दोघं या खेळात आलो ते काही फार उदात्त कारणाने नाही. मी टाइम ऑफिसातला बाबू, हजेरीच्या खिडकीमागे बसणारा. तू अहेरीच्या पलीकडच्या गावातून आलेला लोडर, खाली उतरून टबात कोळसा भरणारा. मराठी थोडी, बोलणं त्याहून थोडं. मला धावता येत नव्हतं म्हणून मी गोलकीपर झालो. तू बचावातला बॅक का झालास हे मी एकदा विचारलं, तर म्हणालास, "पुढं जाऊन काय करू? बॉल तं इथीच येते."

गोलकीपरला त्याच्या बॅकचा चेहरा कधी दिसत नाही. बाजारात तू समोरून आलास तर मला ओळखायला क्षणभर लागायचा, मागून लगेच ओळखायचो. बनियनवर घाम कुठून फुटायला लागतो, डावा खांदा कधी किंचित खाली जातो, हे सगळं मला माहीत होतं. खांदा खाली गेला की फॉरवर्ड कोणत्या बाजूने येणार ते कळायचं. तू त्याच्या पायांकडे बघायचा नाहीस, कमरेकडे बघायचास. "पाय खोटं बोलते. कंबर नाई बोलत," असं तुझं म्हणणं. पुढे टाइम ऑफिसच्या खिडकीत उशिरा येऊन कारणं सांगणाऱ्या लोकांवर मी हे तत्त्व वापरून बघितलं. बऱ्यापैकी चालतं.

आपलं कायमचं भांडणही तुझ्या पाठीवरूनच होतं. तू नेमका माझ्या आणि बॉलच्या मधे उभा राहायचास. मी ओरडायचो, "दसरू, बाजूला हो, मले दिसून नाई राह्यलं." तू मागे न वळता म्हणायचास, "तुले नाई दिसत, म्हणजे त्यालेही गोल नाई दिसत." भूमितीच्या दृष्टीने हे बरोबर होतं, म्हणूनच संताप व्हायचा. पुढची कित्येक वर्षं, आपण खेळणं सोडल्यावरही, चहाच्या टपरीवर कोणी आपल्या मधे उभं राहिलं की मी म्हणायचो बाजूला हो, आणि तू उत्तर द्यायचास. टपरीवाल्याला यातली गंमत कधी कळली नाही.

तुझी कारकीर्द लिहायची तर कशी लिहू, सांग. फॉरवर्डचं सोपं असतं. त्याने काय केलं ते लिहायचं. तुझ्याबद्दल काय काय घडलं नाही ते लिहावं लागेल. वणीकडचा तो उंच फॉरवर्ड एका सामन्यात एकदाही माझ्यापर्यंत पोचला नाही, हा मजकूर कोणता पेपर छापेल? नागपूरला निवड चाचणीला तुला बोलावलं होतं, तिथे तर याहून भारी झालं. समोरच्या फॉरवर्डांना तू पहिल्या दहा मिनिटांतच समजलास, आणि मग कोणी तुझ्या बाजूला फिरकलंच नाही. सगळा खेळ पलीकडून झाला. तुझ्याकडे बॉलच आला नाही, त्यामुळे निवड करणाऱ्या साहेबांना तू दिसलाच नाहीस. पलीकडचा बॅक, ज्याच्या अंगावरून लोक येत-जात होते, तो पडत-झडत खूप खेळताना दिसला. त्याला घेतलं. तू परत आलास आणि डबा उघडून जेवायला बसलास. मी तावातावाने बोलत होतो. तू म्हणालास, "बाबू, तिथी मैदान चांगलं होतं पण." मला तेव्हा तुझाही राग आला होता. अजून पूर्ण गेलेला नाही.

आणि तो स्कॉटलंडवाला. तुला आठवतो. ऑफिसर क्लबातली पुस्तकं रद्दीत निघाली त्यात इंग्रजी फुटबॉलचं एक जुनं जाडं पुस्तक होतं, वाळवीने कडेने कोरलेलं. त्यात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका स्कॉटिश बॅकवर पाव पान मजकूर आणि एक फोटो होता. मधोमध भांग पाडलेला माणूस, हात मागे बांधलेले, पायात आपल्या गमबुटासारखे जाड बूट. खाणकामगाराचा मुलगा, लहान वयात खाणीत उतरला, मग बॉलमुळे बाहेर आला, इंग्लंडातल्या एका क्लबाने विकत घेतला, तिथे बरीच वर्षं खेळला. गोल जवळजवळ नाहीत. देशासाठी एकदा बोलावणं आलं, तो सामना हरले. खेळ संपल्यावर गावी परतला आणि पुन्हा खाणीवर कामाला लागला. बस. एवढीच कारकीर्द.

मी मराठी करून वाचत होतो आणि तू बिडी विझू देऊन ऐकत होतास. तुझे प्रश्न मला अजून आठवतात. तिकडंही कोळसा हाये का. त्याले विकत घेतलं म्हणजे पैसे त्याले भेटले का बापाले. परत खाणीत काऊन गेला. तू स्वतः सुट्टीच्या दिवशी मैदानात खेळून सोमवारी खाली उतरणारा माणूस असल्यामुळे शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुलाच माहीत असावं असं मला वाटत होतं. मग तू विचारलंस, "अन् त्याच्या मागं गोली कोण होता?"

मी पान उलटसुलट बघितलं. गोलकीपरचा उल्लेख नव्हता.

"मंग अर्धंच लिवलं त्यानं," तू म्हणालास, आणि बिडी पुन्हा पेटवलीस.

असं काही कोणी माझ्याबद्दल बोललेलं मला दुसरं आठवत नाही. टाइम ऑफिसातून निवृत्त होताना माझ्याबद्दल तीन भाषणं झाली, त्यांत मी वक्तशीर होतो एवढंच निघालं. तुझ्या त्या वाक्याबद्दल मी तुला काही म्हणालो नाही. पुस्तक मिटून म्हणालो की चल, चहा घेऊ. आता म्हणायला गेलं तर ऐकणारा नाही, ही या लेखनप्रकारातली मोठी अडचण आहे.

फायनलचंही राहिलंच.

शेवटची फायनल, आपल्या संघाची. बरोबरी होती, वेळ संपत आली होती. त्यांचा फॉरवर्ड वामन तुझ्या बाजूने सुटला. तू एक पाऊल मागे पडलास, पण पाय घालून त्याला पाडायला तेवढं पुरे होतं. त्या काळी असा पाय घालणं हे पाप नव्हतं, बॅकचं कर्तव्य समजलं जायचं. माझ्याकडून ओरडूनही झालं, पाड, पाड त्याले. तुझा पाय निघाला. मी मागून बघितला. आणि तो थांबला. वामनने डाव्या खांबाच्या आतून गोल केला.

त्यानंतर इतकी वर्षं मी तुला विचारत आलो, पाडला का नाहीस. तू दर वेळी एकच उलटा प्रश्न केलास. "पाडला असता तं?" तर आपण जिंकलो असतो, हे माझं उत्तर. त्यावर तू मान हलवायचास, म्हणजे हो की नाही ते मागून कळत नसे, आणि पुढूनही कळलं नाही. तोही तुझ्यासारखाच लोडर होता, टबावर मजुरी मिळणारा. नडगी मोडली असती तर पुढचे काही महिने त्याच्या घरात काय शिजलं असतं, हे तुझ्या डोक्यात आलं असावं असा माझा तर्क. तर्कच आहे. पाय निघाल्यापासून थांबेपर्यंत एवढं सगळं डोक्यात येतं का, हेही मला माहीत नाही. तू सांगितलं असतंस तर वाद मिटला असता. कदाचित तो मिटू नये म्हणूनच तू सांगितलं नसशील.

तर वामन शोकसभेला आला होता. एकटा, बसने, दोनदा गाडी बदलून. मागच्या रांगेत बसला होता. चालताना मी मुद्दाम त्याच्या पायांकडे बघितलं. माझ्यापेक्षा बरे आहेत. सभा संपल्यावर मी त्याला गाठलं, आणि म्हटलं, वामनराव, त्या दिवशी दसरूने तुम्हाला सोडलं. मला वाटलं तो डोळे पुसेल, काही चांगलं बोलेल. शोकसभेत माणसाला अशी आशा लागते.

तो म्हणाला, "मले ठाऊकच होतं, तो पाडत नाई. म्हणून तं त्याच्याच बाजूनं गेलो."

दसरू, मी तुझ्यासाठी या माणसाला दोन सेकंदं मनापासून शिव्या घातल्या. मग हसू आलं, तेही शोकसभेत, आणि वामनही हसला. त्याने खिशातून रुमालात बांधलेली फुलं काढून तुझ्या त्या हवेत उडणाऱ्या फोटोखाली ठेवली. वर बघून म्हणाला, "हा कोण होय?" सबंध सभेत तुझ्याबद्दल बोललेलं तेवढं एक खरं वाक्य.

पण खरी गोष्ट स्टेजवर झाली होती, आणि ती झाली तेव्हा माझंही लक्ष नव्हतं. क्रिकेटच्या घोषणेनंतर फुलाबाईंना 'दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं. त्या नारळ तसाच धरून माइकजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात माणूस गेला का दगड उभा करते. तो इथी मैदानात उभा करू द्यान का?"

अध्यक्षांनी माइक जवळ ओढला. देण्यासारखं काही फुकट सापडलं की माणूस दिलदार होतो. ते म्हणाले, "फुलाबाई, मैदान आता त्यांचंच आहे. तुम्हाला वाटेल तिथे उभा करा." पुन्हा टाळ्या. कुठे, कसा, केवढा, काही विचारलं नाही. छोटासा विधी असेल, लोक येतील, तांदूळ वाहतील, जातील, असं त्यांना वाटलं असावं. अहेरीकडे रस्त्याच्या कडेला तसे दगड शेकड्यांनी उभे आहेत, आणि ते दौऱ्यावर त्यांच्या शेजारून अनेकदा गेले असतील. गाडीच्या काचा काळ्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाबाई माझ्याकडे आल्या. गावाकडून तुझा मोठा भाऊ आणि चार माणसं येणार होती, धानाची कापणी आटोपली होती. भावाचं म्हणणं होतं की तुझी माती नदीकाठी झाली तर दगडही तिथेच हवा. फुलाबाईंनी त्याला फोनवर विचारलं होतं की नदीकाठी तू कधी बसला तरी होतास का. मग तो दगड इकडे आणायला तयार झाला म्हणे.

मग त्यांनी मला विचारलं, "भाऊ, ते नेमकं कुठी उभे राहत होते? तुमालेच ठाऊक."

आम्ही मैदानात गेलो. सकाळचं धुकं आणि कोळशाची धूळ यांत फरक करता येत नव्हता. तुझी जागा मला डोळे मिटून दाखवता आली असती: गोलपासून पुढे, थोडी डाव्या हाताला, जिथून मला काही दिसू नये अशी. मी तिकडे चालू लागलो. आणि मग थांबलो. तिथे दगड उभा राहिला असता तर मशीनला वळसा घालून गोल काढता आला असता.

पण कॉर्नरला तू तिथे नसायचास. समोरच्यांना कॉर्नर किक मिळाली की तू मागे यायचास आणि डाव्या खांबाला खेटून उभा राहायचास, खांब पळून जाईल म्हणून खांद्याने धरून ठेवल्यासारखा. तेही तितकंच खरं. मी मागे फिरलो, डाव्या खांबाच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं आणि म्हणालो, इथे. फुलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. त्या हुशार आहेत हे तुला माझ्याआधीपासून माहीत. "बराबर हाये," म्हणाल्या. मी खोटं बोललो नाही, दसरू. फक्त कॉर्नरची वेळ निवडली.

दगड तुझ्या गावच्या नदीतला, छोटा हत्ती टेम्पोत घालून आणलेला. गुडघ्याहून थोडा उंच, एका बाजूने सपाट, त्यावर एक अक्षर नाही. तुझ्या भावाने स्वतः खड्डा खणला. तांदूळ, हळद, मोहाची थोडी दारू. बाया गोंडीत काहीतरी गात होत्या, ते मला समजलं नाही आणि मी अर्थ विचारलाही नाही. भाषण नव्हतं. माइक नव्हता. मी आयुष्यात बरेच समारंभ बघितले, ज्यात उभं राहून पाय दुखले नाहीत असा हा पहिलाच. शेवटी तुझा भाऊ माती दाबता दाबता मला म्हणाला, "मानूस खुश असला का दगड वाढते." मी मान हलवली. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे तुझ्या भावाला त्या वेळी सांगायची गरज नव्हती.

मशीन आलं ते अध्यक्षांसकट. सोबत कंत्राटदाराचा माणूस, फोटोवाला आणि फोडायला एक नारळ. मशीनचा ड्रायव्हर पंचविशीतला, कानात इअरफोन. तो गोलच्या समोर आला, फावडं उचललं, आणि तसंच हवेत ठेवून मशीन बंद केलं. खाली उतरला. कानातलं काढलं. दगडाभोवतीचे तांदूळ बघितले.

"कोणाचा हाये?" त्याने मला विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तुझ्या गावापासून पुढच्याच वाटेवरचा निघाला. त्याने चपला काढल्या, थोडा वेळ उभा राहिला, परत घातल्या.

अध्यक्ष म्हणाले, दगड जरा बाजूला घे ना, मग परत लावू, व्यवस्थित, चौथरा बांधून.

"साहेब, तुमी घ्या," तो म्हणाला. "मी नाई घेत."

त्याचा आवाज चढला नव्हता. अध्यक्षांनी कंत्राटदाराच्या माणसाकडे बघितलं. तो फोन आल्यासारखा लांब गेला. दुसरा ड्रायव्हर आणता आला असता, पण या भागात दुसरा ड्रायव्हरही तिकडचाच निघाला असता, आणि 'वाटेल तिथे' हे शब्द सगळ्या कॉलनीने माइकवर ऐकलेले होते. वेल्डर आणि मी तिथेच उभे होतो, आणि आमच्यामागे कॉलनीतल्या बऱ्याच बाया. अध्यक्ष दगडासमोर थोडे वाकले. मला वाटलं आता हात घालतात. त्यांनी नमस्कार केला. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला, तो दुसऱ्या दिवशी पेपरात आला: अध्यक्षांच्या हस्ते स्मारकाचं दर्शन. तुझं नाव त्यात चुकलं आहे. मी आता दुरुस्ती पाठवणार नाही.

स्टेज पलीकडच्या टोकाला होणार, जिथे विटा असतात. तुझ्या नावाचं क्रिकेटही होणार. त्याला मी काही करू शकलो नाही. उद्या दुसरे अध्यक्ष येतील, किंवा मातीचे डोंगरच कुंपण ओलांडून येतील, आणि त्यांना दगड अडवणार नाही, हेही मला माहीत आहे. मी तुला विजयाची बातमी देत नाही. खांब अजून उभे आहेत, एवढीच बातमी आहे. फ्लेक्स मात्र वाऱ्याने फाटला. आता तुझे पाय गेले, डोकं तेवढं शिल्लक आहे.

काल संध्याकाळी मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन गोलच्या मागे बसलो, माझ्या नेहमीच्या जागी. पोरं-पोरी खेळत होती. एका पोरीने लांबून डाव्या पायाने जोरात बॉल मारला. गोलीबाई बनलेली दुसरी पोरगी हललीसुद्धा नाही. बॉल खांबाच्या आतून चालला होता, वामनचा गेला होता तसाच, आणि तुझ्या दगडावर आपटून मैदानात परत आला.

मारणारी म्हणाली गोल. बाकीच्यांनी गलका केला. मी ऐकत बसलो होतो. माझं मत कोणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. शेवटी गोलीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गोल कायचा? दसरूआजानं काढला ना."

त्यावर कोणी वाद घातला नाही. मारणारीनेही मान्य केलं. मैदानात आता तसा नियमच झाला आहे. त्या स्कॉटलंडवाल्याच्या वाट्याला असा नियम आला होता का, ते त्या पाव पानात नाही.

पण एक तक्रार आहे. माझ्या खुर्चीवरून बघितलं तर दगड नेमका माझ्या आणि बॉलच्या मधे येतो. खुर्ची इकडे घेतली, तिकडे घेतली, उपयोग नाही. अर्धं मैदान तुझ्या मागे जातं. आणि तुझा भाऊ म्हणतो, माणूस खुश असला की दगड वाढतो.

दसरू, वाढू नकोस. मला आधीच काही दिसत नाही.